हॉस्पिटलच्या फीडरवरचा कॅमेरा

गाडीच्या कॅमेऱ्याची लाल वायर मी चुकीच्या फ्यूजवर जोडली, आणि ज्या एका सकाळी बायकोला गाडी हवी होती त्याच सकाळी ती बंद पाडली. यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. उन्हाचा नाही, उंदराचा नाही, कॅमेरा विकणाऱ्याचाही नाही. तिघांवर ढकलून पाहिलं, कोणी ऐकून घेतलं नाही.

लाज एवढ्याचसाठी वाटते की मी वीज कंपनीतून अभियंता म्हणून निवृत्त झालो. तेहतीस केव्हीच्या लायनी सांभाळल्या, सबस्टेशनं सांभाळली. गाडीत व्होल्ट असतात बारा. माझ्या हाताखालचे लाईनमन बारा व्होल्टला वीज म्हणत नसत, गुदगुल्या म्हणत.

गाडी बायकोची. ती शाळेत शिकवते. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तिने इथेच नागपूरच्या प्रतापनगरात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, आणि मला सांगितलं ते लायसन्स हातात आल्यावर. मग एक वापरलेली गाडी आली. पहिले दोन दिवस मी शेजारच्या सीटवर बसलो आणि माझ्या बाजूला ब्रेक नसताना पायपोस दाबत राहिलो. तिसऱ्या दिवशी एका चौकात मी "ब्रेक, ब्रेक, अगं ब्रेक" म्हणालो. गाडी थांबलेलीच होती, सिग्नल लाल होता. तिने सिग्नल पार केला, गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे म्हणाली, "उतरा." मी ऑटोने घरी आलो. त्या दिवसापासून पुढची डावी सीट मला बंद झाली.

मला बसता येत नाही तर माझ्या जागी कोणीतरी बसावं, म्हणून मी कॅमेरा घेतला. तिला सांगताना पुरावा, विमा, आजकालचे बाईकवाले असं बरंच काही बोललो. खरं कारण हे की संध्याकाळी रेकॉर्डिंग पाहिलं की मला जेवण गेलं असतं. तिला ते न सांगता कळलं होतं. ती एवढंच म्हणाली की डॅशबोर्डवर बुद्धाची मूर्ती आहे, तिच्या डोळ्यांपुढून वायर न्यायची नाही.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. ते गावी शिक्षक होते. आता ऐंशी पार केली आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांचं गाव माझ्या सेक्शनमध्ये होतं. गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत, फ्यूज उडाला की मी जायचो, मास्तरांकडे चहा व्हायचा, आणि चार-पाच वेळा फ्यूज उडाल्यावर मास्तरांनी मुलगी दिली. लाईनवाला जावई केला म्हणजे गावची लाईन जाणार नाही असा त्यांचा सरळ विचार. लग्नात आम्ही एकमेकांना हार घालत असतानाच लाईन गेली. मी पांढऱ्या कपड्यांत, गळ्यातल्या हारासकट, डीपीपाशी जाऊन फ्यूज बांधून आलो. तेव्हापासून भेटले की ते एकच प्रश्न विचारतात, "जावईबापू, लाईन काहून जाते?" मीही दर वेळी नवं उत्तर देत आलो. वारा. बाभळीची फांदी. माकड. ओव्हरलोड. एकदा तर वटवाघूळ सांगितलं. ते मान हलवायचे, पण पटल्यासारखी नाही.

त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलं, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात. शुगर जास्त असल्यामुळे एक रात्र ठेवून घेणार होते. बुधवारी मेहुणा त्यांना गावाहून घेऊन येणार आणि भरती करून परत जाणार. गुरुवारी अकरा वाजता सुट्टी. त्यांनी मुलीला फोनवर बजावलं, "घरी तुझ्या गाडीत येईन. तू एकटी ये. जावईबापूले आणू नको, ते रस्ताभर बोलतात. नव्या डोळ्यानं पहिलं मले तुझं गाडी चालवणं पाहायचं आहे."

ती फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडे करत राहिली. मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तिने प्रतापनगर ते रामदासपेठ सगळी वळणं लिहून काढली. कुठे डावी लेन, कुठे यू टर्न, दवाखान्याचं गेट कोणत्या बाजूला. त्या आधी ती शाळा आणि भाजीबाजार सोडून कुठे एकटी गेलेली नव्हती. बापाला आणायला एकटं जायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. माझ्या डोक्यात कॅमेरा होता.

त्या आधीच्या रविवारी मी कामाला बसलो.

आमच्या खात्यात लाईनवर हात लावण्याआधी परमिट घेतात. सबस्टेशनला कळवायचं, तिथल्या माणसाने फीडर, म्हणजे तिथून निघणारी लाईन, बंद करायचा, "लाईन क्लिअर" म्हणायचं, आणि काम संपवून परमिट परत केल्याशिवाय कोणी लाईन चालू करायची नाही. यात मी जन्मात हयगय केली नाही. म्हणून बायकोला शेडखाली स्टूल दिलं, गाडीची चावी तिच्या हातात दिली आणि सांगितलं की मी विचारीन तेव्हा लाईन क्लिअर म्हणायचं. आत कुकर लावलेला होता. तिने दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा मी विचारलं तेव्हा स्टुलावर नुसती चावी होती.

फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी. ती पाहायला दार उघडं टाकून, पाय बाहेर ठेवून, डोकं ब्रेकच्या पट्टीखाली घालावं लागतं. झाकणाच्या आतून नकाशा छापलेला असतो, कोणता फ्यूज कशाचा. अक्षरं मुंगीएवढी. चष्मा घरात. म्हटलं, नकाशा लागतो नवख्यांना. टेस्टर घेतला आणि एकेक फ्यूज तपासला. काही फ्यूजांत चावी नसतानाही वीज असते: हॉर्न, आतला दिवा, दारांचं लॉक. काहींत चावी फिरवली तरच येते: वायपर, चार्जरचा सॉकेट. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावायचा नाही एवढं मला ठाऊक होतं, ते माझ्या बाजूने लिहून ठेवा. हॉर्नही सोडला, कारण हॉर्नशिवाय नागपुरात गाडी चालवणं म्हणजे मुक्याने बाजार करणं.

कॅमेऱ्यासोबत तीन वायरी आल्या होत्या. काळी गाडीच्या पत्र्याला. पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजला. लाल चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजला. सोबतच्या कागदावर चित्रासकट हे सगळं होतं.

पण आमच्या खात्यात लोडशेडिंगच्या काळात एक गोष्ट अंगात भिनली होती. काहीही बंद करा, दवाखान्याचा आणि पाणीपुरवठ्याचा फीडर बंद करायचा नाही. वरून कितीही फोन येवोत, गावं अंधारात जावोत, तो फीडर चालू राहिला पाहिजे. त्या फीडरवर जो बसला तो सुखी. लोक त्यासाठी ओळखी काढायचे. मला वाटलं, बायकोच्या रक्षणासाठी घेतलेल्या कॅमेऱ्याची एक वायर मी बंद पडणाऱ्या फीडरवर कशाला टाकू? आतल्या दिव्याचा फ्यूज काढला, त्या जागी दुहेरी खाचेचा सॉकेट बसवला, एका खाचेत गाडीचा जुना फ्यूज आणि दुसऱ्या खाचेत कॅमेऱ्याचा. त्याच्या तोंडाशी पिवळी आणि लाल, दोन्ही वायरी एकत्र पिळून टाकल्या. कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला. चावी नव्हती तरी लागला. मी ब्रेकखालून डोकं काढलं, ते काढताना स्टिअरिंगला आपटलं, तरी समाधान होतं.

सोमवार, मंगळवार, बुधवार गाडी शेडखाली उभी होती. शाळेला सुट्टी, आणि त्या उन्हात कामाशिवाय कोण बाहेर काढतं? मी मात्र दिवसातून चार-पाच वेळा जाऊन काचेतून पाहून यायचो. निळा दिवा चालूच. रात्री, दुपारी, कधीही जा, पठ्ठ्या जागाच. ऊर भरून यायचा. बुधवारी संध्याकाळी शेजारचे एक गृहस्थ नळी घेऊन अंगणात पाणी मारत होते, त्यांनाही गाडीपाशी बोलावून मी ते दाखवलं आणि पंधरा मिनिटं समजावलं.

गुरुवारी सकाळी दहाला बायको तयार झाली. नवी सुती साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, पर्समध्ये कॅलेंडरचं पान. बापाला उन्हाचा त्रास नको म्हणून पुढच्या सीटवर ओला पंचा पसरला. मी फाटक उघडून उभा राहिलो. तिने चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक, टक. डॅशबोर्डवरचे दिवे विझत्या निखाऱ्यासारखे दिसले आणि गेले. निळा दिवाही नव्हता. मी फाटक धरूनच उभा राहिलो, कारण मला तेव्हाच कळलं होतं. जुन्या बॅटरीला कॅमेऱ्याने चार दिवस पिऊन टाकलं होतं.

तिनेही ओळखलं. काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ऑटो आणतो. ती म्हणाली, "बाबानं ऑटो नाही सांगितला." मी म्हटलं, मी दुसऱ्या गाडीची सोय करतो, मी जाऊन आणतो. यावर तिने चष्मा काढला. मग तिने आपल्या ड्रायव्हिंगच्या मास्तरांना फोन लावला.

मास्तर दहा मिनिटांत आले, स्कूलची ती दोन ब्रेकवाली गाडी आणि एका बॅटरीतून दुसरीला वीज द्यायची जंपर केबल घेऊन. पन्नाशीचा, पान खाणारा माणूस. आधी बॅटरीला हात न लावता त्यांनी स्टिअरिंगखाली डोकं घातलं. तिथूनच आवाज आला, "मॅडम, हे कोणं लावलं?"

मी फाटकाची कडी तपासत होतो.

"आहे एक ओळखीचा," बायको म्हणाली. "जुना माणूस आहे. मोठ्या लायनीचं काम करायचा."

"अस्सं," मास्तर म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी ओळखीच्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि त्यालाच समजावल्यासारखं बोलू लागले. "पाहा साहेब, पिवळी बरोबर आहे. ते चोवीस तासवाल्यावरच पाहिजे. पण लाल वायर कायले असते? गाडी बंद झाली हे कॅमेऱ्याले कळावं म्हणून. कळलं का तो झोपते. बाजूनं कोणी धक्का मारला तर उठते, बॅटरी कमी दिसली तर आपण होऊन बंद होते. यानं तर त्याले चार दिवस सांगून ठेवलं, गाडी चालूच आहे, चालूच आहे. मंग तो कसा झोपीन? माणसालेबी असं कोणी जागवत नाही."

त्यांनी लाल वायर सोडवून चार्जरच्या सॉकेटच्या फ्यूजवर नेली. पाच मिनिटांचं काम. चावी काढली की तिथली वीज जाते, हे टेस्टरने मला दोनदा दाखवलं. मग केबल लावली, आणि गाडी एकदाची खोकून चालू झाली. साडेदहा वाजून गेले होते. बायकोने दार ओढलं, तोच मास्तरांनी काचेवर टकटक केलं.

"मॅडम, एक तासभर इंजिन बंद करू नका. बॅटरीत दम नाही. दवाखान्यात उतराल तर गाडीत एक माणूस बसवा, चालू गाडी एकटी सोडू नका."

मास्तरांना वर्ग होता. ते निघून गेले. शेजारचे गृहस्थ ऑफिसला गेलेले. अंगणात माणूस म्हणता येईल असा मी एकटाच उरलो होतो, आणि तिला एकटीला जायचं होतं. ती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसली. इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. या सबंध प्रकरणात मला खरंखुरं वाईट वाटलं ते त्या मिनिटभरात.

"बसा मागं," ती शेवटी म्हणाली. "बसायचं परमिट आहे. बोलायचं नाही."

मी दुपट्टा डोक्याला गुंडाळला तो नाकातोंडावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारली. मे महिन्यात नागपुरात सगळेच तसे फिरतात, कोणाला वेगळं वाटलं नाही. प्रतापनगर ते रामदासपेठ मी चकार शब्द काढला नाही. एक सिटीबस अंगावर आल्यासारखी वाटली, मी दुपट्टा चावला. एका चौकात बाईकवाला उलटा घुसला, तिने ब्रेक मारला, हॉर्न दिला आणि पुढे निघाली. मला मानावं लागलं, ती चांगली चालवत होती. मी नसताना जशी चालवत असणार तशी. कॅलेंडरचं पान तिने एकदाही काढलं नाही.

दवाखान्याच्या गेटजवळ तिने गाडी लावली, इंजिन चालू ठेवलं आणि आत गेली. मी मागे बसून. गार्ड आला, म्हणाला गाडी हटवा. मी म्हटलं, मला चालवता येत नाही, ड्रायव्हरबाई आत पेशंट आणायला गेल्या आहेत. तो म्हणाला मग तुम्ही कोण? तोंडावर दुपट्टा, मागच्या सीटवर घामाघूम, चालू गाडी. त्याने गाडीचा नंबर लिहून घेतला.

तेवढ्यात ती दोघं आली. पट्टी सकाळीच काढलेली, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. सासऱ्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवून पाहिलं. मग मी दिसलो.

"हे काहून आले?"

"इंजिन चालू ठेवायले माणूस लागत होता," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा पडला होता. "एकटीनं यायचं होतं बाबा, पण..."

ते पुढच्या सीटवर बसले. पट्टा लावून घेतला. सावकाश म्हणाले, "मागं बसलेलं मी मोजत नाही. तू एकटीच आली, माय. चाल."

परत येताना त्यांनी रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. दूध डेअरी. झेरॉक्स. पंक्चर. संत्रा बर्फी मिळेल. एका पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं होतं, ते दुरुस्त करून वाचलं. घराच्या वळणावर आलो तर म्हणाले, अजून एक फेरी मार. तिने मारली. मग अजून एक. बॅटरीला ते बरंच होतं, पण तिने बॅटरीसाठी मारली असं मला वाटत नाही. मागून मला तिचा नुसता एक गाल दिसत होता, तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी चहाच्या वेळी सासऱ्यांना ते सगळं पुन्हा पाहायचं होतं. बायकोने कॅमेरा मोबाइलला जोडला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. मी जरा ऐटीतच खुर्ची ओढली. म्हटलं, तेवढं तरी बघा, जाताना सबंध रस्ता मी एक अक्षर बोललो नाही.

त्यांनी आवाज मोठा केला. रामदासपेठेला जातानाचा रस्ता, समोर सिटीबस, आणि मागून कुठून तरी, दुपट्ट्यातून गाळून आल्यासारखं: "हळू... हळू... हां... बाजूनं... बस, बस, बस... आता हळू..." प्रतापनगरपासून दवाखान्याच्या गेटापर्यंत अखंड चाललं होतं. मी शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती बशीत चहा ओतत होती.

"तुले ऐकू येत होतं?" मी विचारलं.

"मी मोजत नाही," ती म्हणाली.

सासरे यादीत खाली सरकत गेले. जुनं बरंच पुसलं गेलं होतं, बुधवारची संध्याकाळ तेवढी उरली होती. बॅटरी मरण्याआधीची शेवटची. त्यांनी बोट लावलं. काचेला नाक लावलेला माझा चेहरा पडदाभर आला. आत डोकावून मी कॅमेऱ्याकडे बघून चक्क मान डोलावली. मग बाजूला शेजारचे गृहस्थ, हातात नळी, पाणी त्यांच्याच चपलेवर सांडतंय, आणि माझा आवाज स्पष्ट: "हॉस्पिटलच्या फीडरवर घेतलाय मी याले. तीस वर्षं हेच काम केलं. जग बुडालं तरी लाईन जाणार नाही."

सासऱ्यांनी ते संपेपर्यंत पाहिलं. पुन्हा मागे नेऊन शेवटचं वाक्य आणखी एकदा ऐकलं. मग काळा चष्मा कपाळावर चढवला, नव्या डोळ्याने माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं आणि म्हणाले,

"जावईबापू, ते वारा, माकड, वटवाघूळ राहू द्या. आमच्या गावची लाईन काहून जात होती, ते आज दिसलं."